बेटावरच्या घराबद्दल आपल्याच विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि कार्यकारी मंडळ यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात संस्थेच्या सूचना फलकावर अर्ध्या पानाचा एक कागद लागला. बेट द्वारकेची संस्थेची 'झोपडीवजा' मालमत्ता जीर्ण आणि निरुपयोगी झाल्यामुळे ती तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं एका विकासकाला द्यायचं ठरलं आहे, सभासदांनी नोंद घ्यावी, असं त्यात म्हटलं होतं. मी नोंद घेतली. दुसऱ्या दिवशी कचेरीत अर्ज दिला, पंधरा दिवसांनी दुसरा दिला. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. बडोद्यात दांडियाबाजार ते वाडी, ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असेल.

'झोपडीवजा' हा शब्द ज्यांनी लिहिला त्यांनी ते घर पाहिलेलं नसावं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे स्वयंपाकाचा आडोसा, अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं आणि टाक्याशेजारी एक वाकडं झाड, जे वारा नेईल तिकडे वाढत गेलं. भिंती बेल्याच्या, म्हणजे तिकडच्या मऊ चुनखडी दगडाच्या करवतीनं कापलेल्या चिऱ्यांच्या, दीड हात जाड. वर कौलं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आतल्या खोलीत सतरंजी टाकून पडलं तर पंख्याची आठवण होत नाही. पंखा नव्हताच म्हणा.

बडोद्याच्या मराठी मंडळींचं घर सौराष्ट्राच्या पार टोकाला, समुद्रातल्या बेटावर कसं, असं परवा एका तरुण सभासदानं विचारलं. त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही. ओखामंडळ, म्हणजे द्वारका-ओख्याकडचा हा टापू, गायकवाडांचं होतं. बडोदे राज्य सलग नव्हतंच, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं होतं, आणि हा तुकडा सगळ्यांत लांबचा. तिथल्या वाघेर जमातीनं उठाव केला तेव्हा १८५९ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी बेटाच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. पुढे सयाजीराव महाराजांनी या टोकाकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. तिथल्या समुद्रात काय काय जगतं याची पाहणी करायला त्यांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाला बोलावलं. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९ साली निघाला, दुसरा १९१६ साली. मग रेल्वे आली, आणि १९२६ साली ओखा बंदर सुरू झालं.

त्या बंदराच्या कामावर माझे पणजोबा ओव्हरसियर होते. बाबाजीपुऱ्यातला माणूस, तोवर बडोद्यातल्या सूरसागर तलावापेक्षा मोठं पाणी न पाहिलेला. त्यांनी एका वहाणवटी, म्हणजे गलबतं चालवणाऱ्या, माणसाकडून बेटावरची ती जागा घेतली आणि बंदराचं काम संपल्यावर रिकाम्या झालेल्या गवंड्यांना हाताशी धरून हे घर बांधलं. दाराची चौकट मोडीत काढलेल्या गलबताच्या सागाची आहे. उजव्या बाजूला खिळ्यांची जुनी भोकं रांगेनं दिसतात. लहानपणी आम्ही त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचून ठेवायचो आणि मार खायचो.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झालं. राज्य गेलं, नोकरी गेली, पणजोबा बडोद्याला परतले आणि त्यांनी ते घर दानपत्र करून संस्थेला दिलं. सभासदांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या हवापालटासाठी ते वापरावं, दिवाबत्तीपुरते पैसे घ्यावेत, धंद्यासाठी कुणाला देऊ नये, अशी अट त्यात आहे. त्या दानपत्राची नक्कल माझ्या कपाटात आहे. मूळ प्रत आपल्या कपाटात असायला हवी.

हे घर माझ्या पणजोबांनी दिलं म्हणून त्यावर माझा जास्त हक्क आहे, असं माझं म्हणणं नाही. दिलं म्हणजे दिलं. पण त्या घरात संस्थेच्या किमान तीन पिढ्यांनी सुट्ट्या काढल्या आहेत, आणि त्या कशा काढल्या ते ठराव करणाऱ्यांना माहीत असायला हवं.

आमच्या लहानपणी बडोद्याहून निघायचं म्हणजे रात्रीची गाडी, विरमगामला ट्रंका उतरवून मीटरगेजच्या डब्यात चढायचं, मग दिवसभर धूळ खात ओखा. ओख्याच्या जेट्टीवरून लाकडी होडी. होडीत आई डोळे मिटून रामरक्षा म्हणायची आणि आत्या गाठिये हवेत फेकून सीगल जमवायची. बेटावर पाऊल ठेवलं की पहिली गोष्ट टाक्याचं झाकण उघडायची. किल्ली ज्यांच्याकडे असायची ते चाचा, बेटावरच्याच खलाशी कुटुंबातले, एक बांबूची काठी घेऊन यायचे. काठीवर चाकूनं खाचा पाडलेल्या. ती टाक्यात बुडवायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि मग ते निकाल द्यायचे: "सात जण, आठ दिवस? मग माणशी एक बादली. केस धुवायचे ते बडोद्याला जाऊन धुवा." वकील असो की प्राध्यापक, चाचांपुढे कुणाचं काही चालायचं नाही. त्या भागात पाऊस बेताचाच, आणि विहिरीचं पाणी मचूळ.

घरात एक वही असायची. तिच्यात तारीख, आलेल्यांची नावं आणि तिसऱ्या रकान्यात पाणी किती खाचा. अशा चार वह्या झाल्या. आमच्या माहितीतल्या कुणाचा मधुचंद्र कुठे झाला, कुणाचे आजोबा शेवटचे कधी आले, सगळं त्यात आहे, आणि त्या शेजारी दर वेळी पाणी. 'अमावास्या, ओहोटी चांगली, खडकावर तारामासे पाहिले, पाणी चार खाचा.' ओहोटीला आम्ही खडकांवर जायचो. गुडघाभर पाण्यात दगड उलटायचा, खालचं पाहायचं, आणि दगड होता तसाच पालथा ठेवायचा, हा नियम. तोच समुद्र पुढे १९८० साली अभयारण्य आणि १९८२ साली सागरी राष्ट्रीय उद्यान झाला. आमच्यातल्या काही मुलांनी दगड परत ठेवायचा नियम त्याआधीच पाळला होता, काहींनी नाही. मी दुसऱ्यांपैकी, हे कबूल करतो.

दुसऱ्या वहीत १९६५ सालच्या उन्हाळ्यानंतर पुष्कळ महिने एकही नोंद नाही. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी आरमारानं द्वारकेवर तोफा डागल्या. चाचांचे वडील दिवा विझवून आपल्या ओसरीवर बसले होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. १९७१ च्या डिसेंबरात ओखा बंदरावर हवाई हल्ला झाला. तेव्हाही वही कोरी. नंतर पहिल्यांदा कोण आलं, कौलं किती फुटली होती, ते चाचांनी स्वतः गुजराती लिपीत लिहून ठेवलं आहे. आपल्या संस्थेच्या कुठल्याही अहवालात या गोष्टी नाहीत, वहीत आहेत.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत, पण क्रमानं सांगतो.

१. घर जीर्ण आहे हे खरं. पण ते म्हातारं होऊन जीर्ण झालेलं नाही, आपण त्याला तसं केलं आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात मागच्या भिंतीला तडा गेला. तेव्हाच्या मंडळानं घाईनं, चांगल्याच हेतूनं, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. तोवर त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो दर काही वर्षांनी सोलवटायचा, चाचा पुन्हा चुना लावायचे. तो सोलवटत होता म्हणूनच भिंत वाचत होती. मऊ चुनखडी दगड खारी ओल पितो आणि उन्हात सोडतो. चुना ती बाहेर जाऊ देतो, सिमेंट देत नाही. ओल आत अडकते, मीठ दगडाच्या छिद्रांत दाणे धरतं, आणि ते दाणे फुगून दगड आतून फोडतात. बाहेरून गिलावा गुळगुळीत आणि आत भिंत पोखरलेली.

मी गेल्या डिसेंबरात जाऊन आलो. ओसरीच्या उजव्या भिंतीवर बोटानं टकटक केली तर मडक्यासारखा आवाज आला. एक पापुद्रा हातानं ओढला तो ताटाएवढा निघाला, आणि मागून दगडाची पूड सांडली, बारीक रव्यासारखी. जिभेला लावून पाहिली. खारट. तिथून चार पावलांवर मागच्या आडोशाची भिंत आहे, जिला सिमेंट लावायचं तेव्हा राहून गेलं होतं. ती काळी पडली आहे, पण चिरा न् चिरा शाबूत. चुन्याची जुनी सांधेभरणी नखानं उकरून निघत नाही. एकाच दगडाच्या, एकाच माणसानं बांधलेल्या दोन भिंती. आपल्या अहवालाच्या अभियंत्यांनी अंगणातून सहा फोटो काढले. त्यांतल्या एकातही मागची भिंत नाही.

२. आपली संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम ३६ गुजरातेतही लागू आहे. शेतजमीन सोडून न्यासाची जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपण तीस वर्षांचं लिहिलं आहे. परवानगी मागितली का, मिळाली का, निविदा काढल्या का, यातलं काहीच त्या कागदावर नाही. मला कोर्टात जायचं नाही. आपल्यापैकी तिघांना मी शाळेपासून ओळखतो, एकाच्या लग्नात मी पंगत वाढली आहे. पण 'ठरले आहे' हे क्रियापद कुणी आणि कुठल्या सभेत वापरलं, हे विचारायचा मला अधिकार आहे.

३. किल्ली आज चाचांच्या नातवाकडे आहे. त्याचं मानधन मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीपासून बंद आहे. कुणी त्याला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही, पैसे यायचे थांबले इतकंच. तरी मी गेलो तेव्हा अंगण झाडलेलं होतं आणि टाक्याचं झाकण कुलूपबंद. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "तुमच्याकडून नको, संस्थेकडून आले तर घेईन." त्याच्यापुढे उभं राहायची मला लाज वाटली. आपल्याला वाटावी की नाही, ते आपण ठरवा.

४. आता पुलाचा मुद्दा. २५ फेब्रुवारी २०२४ ला ओख्याहून बेटावर जाणारा सुदर्शन सेतू खुला झाला. सुमारे २.३२ किलोमीटर, चार पदरी, ९७९ कोटींचा. बडोद्याहून गाडीनं निघालेला माणूस आता थेट मंदिरापाशी उतरतो. होडी चुकली, वारा सुटला, रात्र झाली म्हणून आजारी माणसाला घेऊन बसून राहण्याची वेळ आता बेटावरच्या कुणावर येत नाही. होडीची हौस आमच्यासारख्या सुट्टीवर येणाऱ्यांची, बेटावरच्यांना ती अडचण होती. त्यामुळे पुलाविरुद्ध माझं काही नाही. पण 'आता लोक सकाळी येऊन संध्याकाळी जातात, राहणार कोण' हे आपलं म्हणणं मला उलटं वाटतं. गुडघे गेलेले, होडीत चढता न येणारे आपले सत्तरीपुढचे सभासद गेली कित्येक वर्षं तिथे जाऊ शकत नव्हते. ते आता पहिल्यांदा पुन्हा जाऊ शकतात, आणि नेमकं आत्ताच आपण दार बंद करतो आहोत. पूल झाला म्हणून जमिनीचा भाव चढला, आणि भाव चढला म्हणून घर निरुपयोगी ठरलं. हा हिशेब मला एकदा समजावून सांगा.

५. विकासकाचं जे चित्र कचेरीतल्या टेबलावर आहे त्यात तीन मजले आणि एक स्विमिंग पूल आहे. माणशी एक बादलीच्या बेटावर. यावर मी अधिक लिहीत नाही. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला १९९१ पासून नियम आहेत, पुढे ते बदललेही आहेत. जुन्या घराची आहे त्या जोत्यावर डागडुजी करणं वेगळं आणि ते पाडून नवं उठवणं वेगळं, एवढं तरी परवाना विभागाला विचारून घ्या, म्हणजे संस्था नंतर अडकायची नाही.

दुसरी बाजू मी विसरलेलो नाही. संडास अंगणात आहे, रात्री कंदील घेऊन जावं लागतं, सुना-मुली तिथे राहायला नाराज असतात आणि त्यांचं बरोबर आहे. घराचं उत्पन्न शून्य, कर मात्र भरावा लागतो. संस्थेच्या हॉलचं छत गळतं, त्याला पैसा हवा, हेही मला ठाऊक आहे. मग हे सगळं सभेत मांडा. लोकांना विचारा. बडोद्यातली मराठी माणसं वर्गणी द्यायला कुरकुरतात, पण देतात. आपला गणपती कशावर उभा राहतो?

माझ्या मागण्या अशा. भाडेपट्ट्याची सर्व कार्यवाही, करारावर सही झालेली नसेल तर आजपासून, थांबवावी. झाली असेल तर तसं लेखी सांगावं. दानपत्र, ठरावाचं इतिवृत्त आणि अभियंत्यांचा अहवाल पंधरा दिवस कचेरीत सभासदांना वाचायला ठेवावेत. विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, रविवारी सकाळी, म्हणजे नोकरी करणाऱ्यांना येता येईल. चाचांच्या नातवाचं थकलेलं मानधन सभेची वाट न पाहता द्यावं. आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या माणसाकडून घराची पुन्हा तपासणी करून घ्यावी, गिलावा उघडून, मागची भिंत धरून. त्या तपासणीचा खर्च आणि दुरुस्तीच्या निधीत पहिले पन्नास हजार रुपये मी देतो. धनादेश लिहून ठेवला आहे, फक्त तारीख घातलेली नाही. पाणी, संडास, वीज यांची सोय करायलाच हवी. त्याला माझा विरोध नाही, उलट माझ्या सुनेनं त्याचा आराखडा कागदावर काढून दिला आहे. तो सोबत जोडतो.

चारही वह्या सध्या माझ्याकडे आहेत. डिसेंबरात मी त्या उचलून आणल्या, चाचांच्या नातवाला पावती लिहून दिली. तिसरीला वाळवी लागायला सुरुवात झाली होती, ती उन्हात ठेवून कापडात बांधली आहे. संस्थेची वस्तू आहे, सभेला घेऊन येईन आणि टेबलावर ठेवीन. चौथ्या वहीतली शेवटची नोंद माझी आहे: एकटा आलो, दोन रात्री राहिलो, पाणी पाच खाचा.

आपला,
एक आजीव सभासद
बाबाजीपुरा, बडोदे